बोस्नियाच्या युद्धावरील चित्रपट व त्यांची साधनयोग्यता

इतिहाससंशोधनाच्या नियतकालिकांत चित्रपटांची चर्चा सहसा येत नाहीं, आणि आतां ती आम्ही आरंभीत आहों हें पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आंठी पडेल हें आम्हांस ठाऊक आहे. पत्रें, यादी, तहनामे, शकावल्या, करीने ह्यांच्या पंक्तीस करमणुकीच्या पडद्याला पाट मांडावयाचा काय, असें कोणीहि विचारील. आमचें उत्तर इतकेंच कीं, पाट मांडण्यापूर्वीं पाहुण्याचें नांवगांव विचारण्याची जी आपली रीत आहे, तीच येथें चालवावयाची आहे. इ. स. १८९८ त राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्याचा पहिला खंड काढला व त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची कसून झडती घेतली. तेव्हांपासून आपल्याकडे एक नियम रूढ झाला आहे. प्रसंगाच्या वेळीं, प्रसंगांतल्या माणसानें, कामापुरतें लिहिलेलें चिटोरें हें मागाहून रंगवून सांगितलेल्या शंभर पानांच्या बखरीहून अधिक विश्वसनीय. हा नियम कागदासाठीं झाला. कागदाच्या जागीं चित्रफीत आली तर तो कितपत लागू पडतो, हें पाहण्यास १९९२ ते १९९५ ह्या काळांत बोस्निया-हर्झेगोव्हिना देशांत झालेल्या युद्धासारखें दुसरें क्षेत्र आम्हांस आढळलें नाहीं. त्या युद्धांत मारणाऱ्यांनींहि चित्रण केलें, मरणाऱ्यांनींहि केलें. आणि युद्ध संपतांच, किंबहुना संपण्यापूर्वींच, त्यावर कथापट निघूं लागले.

युद्धाची हकीकत थोडक्यांत अशी. युगोस्लाव्हियाचें संघराज्य १९९१ पासून फुटूं लागलें. १९९२ च्या मार्चांत बोस्नियानें सार्वमत घेऊन स्वातंत्र्य जाहीर केलें व एप्रिलांत युद्ध पेटलें. देशांत बोस्नियाक मुसलमान, सनातनी ख्रिस्ती पंथाचे सर्ब व रोमन पंथाचे क्रोआट असे तीन मुख्य समाज. भाषा बहुतेक एक, धर्म तीन, आणि पूर्वजांच्या आठवणी तर जितकीं घरें तितक्या. सर्ब सैन्यानें देशाचा मोठा भाग व्यापला व तेथील इतर समाजांस मारून वा हुसकून लावलें. पुढें क्रोआट व बोस्नियाक ह्यांच्यांतहि लढाई जुंपली. अत्याचार तिन्ही बाजूंकडून घडले, पण ते सारख्या प्रमाणांत घडले नाहींत, हें हेग येथील न्यायालयाच्या निकालांवरून स्पष्ट आहे. राजधानी सारायेव्हो ५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत १,४२५ दिवस वेढ्यांत होती. १९९५ च्या जुलैंत, संयुक्त राष्ट्रांनीं सुरक्षित म्हणून जाहीर केलेलें स्रेब्रेनित्सा गांव सर्ब सैन्यानें घेतलें व सात ते आठ हजार मुसलमान पुरुष व मुलगे ह्यांची कत्तल केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील डेटन येथें तह ठरला. आपल्या वाचकांस एक दुवा येथें सांगण्याजोगा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तेथील शांतिसेनेचे पहिले सेनापति लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे. १९९२ च्या मार्चापासून वर्षभर ते त्या अवघड जागीं होते.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वीं, ज्या हानीनें हस्तलिखितांच्या कोणाहि संग्राहकाचें मन विदीर्ण होईल तिचा उल्लेख करणें प्राप्त आहे. कारण चित्रफितींचें मोल त्या हानीवरूनच कळतें. १७ मे १९९२ रोजीं सारायेव्हो येथील प्राच्यविद्या संस्थेवर आगलावे तोफगोळे पडले. अरबी, फारसी, तुर्की, हिब्रू व अरबी लिपींत लिहिलेली बोस्नियन, अशा भाषांतील ५,२६३ हस्तलिखित ग्रंथांचा संग्रह, सात हजारांहून अधिक तुर्की अमदानींतील कागद व काज्यांच्या न्यायनोंदींचे खंड ह्यांची बहुतेक राख झाली. चारशें वर्षांहून अधिक काळ ज्या देशावर तुर्कांची सत्ता होती, जेथील लोक वहीखात्यास अजून 'देफ्तेर', बादशाही आज्ञेस 'फेर्मान' आणि दुकानास 'दुचान' म्हणतात, त्या देशाचें दफ्तर म्हणजे आपल्याच दफ्तराचें दूरचें भावंड होय. त्यानंतर तीन महिन्यांनीं, २५ ऑगस्टच्या रात्रीं, राष्ट्रीय ग्रंथालयाची इमारत अशीच पेटविण्यांत आली. ती जळत असतां घेतलेलीं चित्रें उरलीं. आंतले ग्रंथ बहुतांशीं उरले नाहींत. १९९४ त परदेशांतील कांहीं विद्वानांनीं एक उद्योग आरंभिला. पूर्वीं ज्या ज्या अभ्यासकांनीं सारायेव्होच्या पोथ्यांच्या छायाप्रती वा सूक्ष्मपट नेले असतील, त्यांच्याकडून त्या मागवून गोळा करावयाच्या. मूळ जळालें, पण कोणा विद्यार्थ्याच्या कपाटांत पडलेली प्रत वांचली, असें अनेक पोथ्यांचें झालें. प्रतीचें हें माहात्म्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हां येणार आहे.

वेढ्यांतील सारायेव्होमध्यें वीज नाहीं, पाणी नाहीं, अशा स्थितींत कांहीं चित्रपटकार रोज चित्रण करीत होते. आदेमिर केनोविच ह्यांच्या भोंवतालचा गट त्यांत प्रमुख. दानिस तानोविच नांवाचा तरुण बोस्नियन सैन्याबरोबर हिंडून त्याचें चित्रदफ्तर सिद्ध करीत होता. हें सर्व अस्सल साधन होय, ह्यांत शंका नाहीं. मात्र तें एका पक्षाचें अस्सल आहे, आणि पेशव्यांच्या वकिलाचें पत्र जसें आपण वकिलाचें म्हणून वाचतों तसें तें वाचलें पाहिजे. पुढें ह्याच केनोविचांनीं १९९७ त 'पूर्ण वर्तुळ' हा कथापट काढला व तानोविचांनीं २००१ त 'निर्मनुष्य भूमि'. दुसऱ्यांत दोन शत्रु सैनिक एका खंदकांत अडकलेले आहेत आणि तिसरा अशा सुरुंगावर निजलेला आहे कीं तो हलला कीं सर्व संपले. त्यास २००२ सालीं ऑस्कर मिळालें. हें चित्रण बोस्नियांत झालें नसून स्लोव्हेनियांत झालें, हेंहि नोंदून ठेवावें. तोच कर्ता, तेंच युद्ध. पण पहिलें काम टिपणाचें आणि दुसरें रचनेचें. कर्त्याच्या अनुभवावरून कृतीस अस्सलपणाचा शिक्का मारणें ही चूक आपल्याकडे बखरकारांच्या बाबतींतहि झालेली आहे.

आतां ज्या एका चित्रफितीसाठीं हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे येतों.

'श्कोर्पियोनी' म्हणजे विंचू, अशा नांवाची एक सशस्त्र सर्ब टोळी होती. १९९५ च्या जुलैंत ह्या टोळीच्या लोकांनीं सारायेव्होच्या दक्षिणेस त्रनोवो गांवाजवळ सहा मुसलमान बंद्यांस गोळ्या घातल्या. त्यांत अठरा वर्षांच्या आंतील मुलेंहि होतीं. ह्याचें चित्रण टोळींतीलच एका इसमानें केलें. फितीच्या आरंभीं एक धर्मगुरु टोळीस आशीर्वाद देतो. मग बंदी गाडींतून उतरविले जातात. चौघांस मारल्यावर उरलेल्या दोघांकडून प्रेतें वाहवून घेतात व मग त्यांसहि मारतात. चित्रण करणारा मधेंच कुरकुरतो कीं आपल्या यंत्राची बॅटरी संपत आली. लेखक काय सांगावयाचें ठरवून लिहीत असेल त्यापेक्षां अजाणतां त्याच्या हातून जें निसटतें तेंच खरें साधन, असें आपण म्हणत आलों. त्याचें ह्याहून भयंकर उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. ह्या फितीच्या प्रती टोळीच्या शीद ह्या गांवीं आपसांत फिरत होत्या. पुढें अंगाशीं येईल असें दिसतांच त्या नष्ट करण्याचा हुकूम सुटला. एक प्रत राहिली. बेलग्रेडच्या मानवी हक्कांच्या कार्यकर्त्या नताशा कांदिच ह्यांनीं ती मिळविली, व १ जून २००५ रोजीं हेग येथें मिलोशेविच ह्यांच्या खटल्यांत ती दाखविण्यांत आली. लगोलग सर्बियाच्या दूरचित्रवाणीवरहि ती दिसली. मुलगा कसा मेला हें एका आईस त्या पडद्यावर कळलें.

इतकें असूनहि वाद मिटला नाहीं, आणि संशोधकांनीं नीट पाहण्याजोगी गोष्ट ती हीच. २००७ च्या एप्रिलांत बेलग्रेडच्या न्यायालयानें टोळींतील चौघांस दोषी ठरविलें. परंतु मारलेले इसम स्रेब्रेनित्साहून आणले होते हें सिद्ध होत नाहीं, असेंहि त्या न्यायालयानें म्हटलें. म्हणजे खून दिसतो, खुनी दिसतो, मारला जाणाराहि दिसतो; पण फीत स्वतः होऊन स्थळ, काळ, संदर्भ सांगत नाहीं. तो बाहेरून आणावा लागतो. आमच्या मतें तो आणलेला आहे: मृतांच्या घरच्यांनीं त्यांस ओळखलें आहे, व तीं घरें स्रेब्रेनित्साकडच्या भागांतलीं होतीं. पण मुद्दा असा कीं, डोळ्यांनीं पाहिलेल्या चित्रासहि मायना, तारीख व शिक्का लागतो. मिती नसलेलें पत्र जसें दहा वर्षें इकडे तिकडे सरकवितां येतें, तसें मिती नसलेलें चित्रहि सरकवितां येतें.

स्रेब्रेनित्साच्या प्रसंगाचीं दुसरीं चित्रेंहि आहेत व त्यांची कथा पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस मनोरंजक, खरें म्हणजे उद्वेगजनक वाटेल. १३ व १४ जुलै १९९५ ह्या दिवसांत बेलग्रेडचा एक पत्रकार सर्ब सैन्याच्या परवानगीनें तेथें हिंडून चित्रण करीत होता. त्यांतील कांहीं भाग बेलग्रेडच्या एका वाहिनीनें तेव्हांच दाखविला. पुढें हेगच्या तपासनिसांच्या हातीं जी फीत आली तींतून कांहीं तुकडे गळालेले होते. क्राविच्या येथील गुदामासमोर पडलेल्या प्रेतांचें दृश्य त्यांपैकींच. पण वाहिनीनें प्रसृत केलेल्या पाठांत तें होतें. दोन प्रती समोरासमोर ठेवून गळालेलें पान भरून काढण्याचें जें काम आपण पोथीवर करतों, तेंच तपासनिसांनीं येथें केलें. ह्याच्या उलट जेथें दुसरी प्रतच नव्हती तेथें काय झालें पाहा. एका डच लेफ्टनंटनें मृतदेहांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. जुलैच्या अखेरीस स्वदेशीं परतल्यावर तो पट आरमाराच्या प्रयोगशाळेंत धुण्यास दिला. तेथें तो चुकीच्या द्रावणांत पडून साफ बिघडला. ही चूक होती कीं आणखी कांहीं, ह्यावर हॉलंडांत वर्षानुवर्षें वादळ उठत राहिलें. एकुलती एक प्रत परक्याच्या हातीं देऊं नये, हा संग्राहकांचा जुना शहाणपणा ह्या लेफ्टनंटास कोणीं सांगितला नव्हता.

येथवर अस्सल कागदांची गोष्ट झाली. आतां बनावट शिक्क्यांची.

एमिर कुस्तुरित्सा ह्या सारायेव्होंत जन्मलेल्या दिग्दर्शकाचा 'भूमिगत' हा चित्रपट १९९५ सालीं कान येथें सर्वोच्च पारितोषिक पावला. त्यांत जुने अस्सल वार्तापट घेतलेले आहेत, आणि त्यांत आपलीं कल्पित पात्रें अशा कौशल्यानें घुसडलीं आहेत कीं टिटोच्या शेजारीं तीं उभीं राहिलेलीं दिसतात. एवढ्यावर आमचा आक्षेप नाहीं. कथेंत हें कौतुक चालतें व पाहणारास तें कळतें. पण त्याच चित्रपटांत जर्मन सैन्याचें मारिबोर व झाग्रेब येथें जयजयकारानें स्वागत होत असल्याचीं, आणि बेलग्रेड मात्र बाँबनें उद्ध्वस्त झाल्याचीं, खरींखुरीं चित्रें शेजारीं शेजारीं लावलीं आहेत. एकहि चित्र खोटें नाहीं. निवड मात्र एका पक्षाची. खोट्या पत्रापेक्षां खऱ्या पत्रांची सोयीस्कर निवड अधिक फसविते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. गंमत अशी कीं ह्या चित्रपटावर सर्वांत कडक टीका करणाऱ्या एका फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें तो त्या वेळीं पाहिलेलाच नव्हता. न वाचतां बखरीस नांवें ठेवणारे आपल्याकडेच आहेत असें नाहीं.

स्र्जान द्रागोयेविच ह्यांचा 'सुंदर गांवें सुंदर जळतात' (१९९६) हा आमच्या मतें त्याहून प्रामाणिक. एका बोगद्यांत कोंडल्या गेलेल्या सर्ब सैनिकांची ती कथा. बोगद्याचें नांव 'बंधुत्व व ऐक्य'. आरंभीं १९७१ सालीं त्या बोगद्याचें उद्घाटन होत असल्याचा वार्तापट येतो, आणि शेवटीं १९९९ सालीं त्याच बोगद्याच्या पुनरुद्घाटनाचा. चित्रपट निघाला १९९६ त! तेव्हां शेवटचा वार्तापट उघडच भविष्यांतला आहे, व जो भविष्यांतला वार्तापट रचतो तो आरंभींचा मागल्या काळांतलाहि रचूं शकतो, हें कर्ता आपणहून कबूल करतो. बनावट कागदावर 'हा बनावट आहे' असें लिहून देणारा लेखक विरळा. मात्र एक गोष्ट खटकते. चित्रीकरण व्हिशेग्रादच्या परिसरांत झालें. इव्हो आंद्रिच ह्यांच्या कादंबरीनें ज्याचा पूल जगप्रसिद्ध केला तें हें गांव. तेथील मुसलमानांस १९९२ त घरांत कोंडून जाळल्याचें हेगच्या न्यायालयानें २००९ च्या निकालांत नोंदलें आहे. जळत्या गांवांचा चित्रपट तेथें काढला जातो व जळालेल्या माणसांस त्यांत फारशी जागा मिळत नाहीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

युद्धापूर्वींची स्मृति कशी पेटविली गेली ह्याचा शोध घेणारास आणखी दोन कृति पाहाव्या लागतील. इ. स. १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईस सहाशें वर्षें झालीं त्या निमित्तानें १९८९ सालीं बेलग्रेडच्या दूरचित्रवाणीनें त्या लढाईवर चित्रपट काढला. आणि त्याच वर्षीं २८ जून रोजीं मिलोशेविच ह्यांनीं रणभूमीवर प्रचंड समुदायापुढें भाषण केलें. दुसरी कृति १९९२ ची, पावेल पावलिकोव्स्की ह्यांचें सर्ब वीरगीतांवरील वृत्तचित्र. 'गुस्ले' म्हणून एक एकतारी वाद्य आहे. त्यावर सर्ब शाहीर जुन्या लढायांचीं गीतें गातात, जसे आपले शाहीर डफ-तुणतुण्यावर पोवाडे गातात. ह्या वृत्तचित्रांत बोस्नियन सर्बांचे पुढारी कराजिच तें वाद्य वाजवितांना दिसतात, आणि सारायेव्होवरच्या टेकडीवरून त्यांचा रशियन साहित्यिक पाहुणा शहराच्या रोखानें मशीनगन झाडतांना दिसतो. पोवाड्यावर प्रेम करणाऱ्या आम्हांस तें दृश्य पाहून बराच वेळ कांहीं सुचलें नाहीं. जनरल म्लादिच ह्यांनींहि ११ जुलै १९९५ रोजीं स्रेब्रेनित्सांत शिरतांना यंत्रासमोर जें भाषण केलें त्यांत दाहींविरुद्धच्या बंडाचा हवाला देऊन 'तुर्कां'वर सूड घेण्याची वेळ आल्याचें सांगितलें. हें बंड १८०४ सालचें. आपल्याकडे दुसरा बाजीराव इंग्रजांच्या छायेखालीं पुण्यास परतून वर्ष झालें होतें. एवढा जुना हिशेब विसाव्या शतकाच्या अखेरीस चुकता करावयाचा, आणि तोहि ज्यांचा तुर्कांशीं धर्मापलीकडे संबंध नाहीं अशा शेतकऱ्यांकडून!

यास्मिला झ्बानिच ह्यांचा २०२० सालचा 'क्वो व्हादिस, आइदा ?' हा स्रेब्रेनित्सावरील चित्रपट बखर म्हणून आम्ही वरच्या प्रतीची समजतों. म्हणूनच त्याची तपासणी अधिक बारकाईनें करावी लागते. नायिका आइदा संयुक्त राष्ट्रांच्या छावणींत दुभाषी आहे. नवरा व दोन मुलगे ह्यांस वांचविण्यासाठीं ती धडपडते व हरते. ह्या कथेच्या मुळाशीं हसन नुहानोविच ह्या दुभाष्याची हकीकत व त्यानें लिहिलेला ग्रंथ आहे. खरा दुभाषा पुरुष. त्याचे आई, वडील व भाऊ मारले गेले. ब्रातुनात्स येथील हॉटेलांत म्लादिच ह्यांच्याशीं बोलणीं करण्यास निर्वासितांचे तीन प्रतिनिधि गेले: एक शाळेचा मुख्याध्यापक, एक अर्थशास्त्र शिकलेली स्त्री आणि ह्या दुभाष्याचे वडील. चित्रपटांत आइदाचा नवराच मुख्याध्यापक व तोच प्रतिनिधि. म्हणजे दोन खऱ्या माणसांचा एक कल्पित माणूस केला आहे. बखरकार हेंच करितो. परंतु त्याच बैठकीचें सर्ब सैन्यानें केलेलें मूळ चित्रण उपलब्ध आहे, आणि पोतोचारी येथें म्लादिच मुलांस चॉकलेटें वांटतात त्याचेंहि आहे. हीं दृश्यें चित्रपटानें मूळाबरहुकूम उभीं केलीं आहेत. एवढेंच नव्हे, तर म्लादिच ह्यांच्याबरोबर सदैव यंत्र घेऊन फिरणारा चित्रकारहि चित्रपटांत दाखविला आहे. साधन कोणाच्या हातून निर्माण झालें हें साधनाच्या नकलेंत नोंदणारी अशी कृति आम्हांस दुसरी माहीत नाहीं. शेवटीं पुरुषांस एका सभागृहांत नेतात, व वरच्या झरोक्यांतून बंदुका बाहेर येतात. ह्याचें चित्रण मूळांत नाहीं, असूं शकत नाहीं. पण पिलित्सा गांवच्या सभागृहांत १६ जुलै १९९५ रोजीं सुमारें पांचशें माणसें मारलीं गेल्याचें साक्षी-पुराव्यानें सिद्ध झालें आहे. तेव्हां एकाच चित्रपटांत एक दृश्य अस्सलाची नक्कल, दुसरें दोन माणसांचें मिश्रण, तिसरें न्यायालयाच्या निकालावरून केलेली रचना. सबंध कृतीस एकच शिक्का मारून चालणार नाहीं; दृश्यागणिक परीक्षा केली पाहिजे. १९९७ च्या 'सारायेव्होंत स्वागत' ह्या इंग्रजी चित्रपटांत तर अस्सल बातमीचित्रें व नटांचीं दृश्यें एकमेकांत शिवलीं आहेत, आणि टांका कोठें पडला हें सामान्य प्रेक्षकास कळणें कठीण. त्या कर्त्याचा हेतु आम्ही चांगलाच मानतों. सोय मात्र वाईट लोकांची झाली.

वाईट लोकांची सोय म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. स्रेब्रेनित्साची कत्तल हा वंशसंहार होता असें हेगच्या न्यायालयानें २००१ त व अपीलांत २००४ त ठरविलें. आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००७ त तेंच म्हटलें. तरी नाकारणारे थांबले नाहींत, इतके कीं २०२१ त बोस्नियांतील आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीस नाकारण्याविरुद्ध कायदा लादावा लागला. २३ मे २०२४ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत ११ जुलै हा स्मृतिदिन ठरविण्याचा ठराव ८४ मतांनीं पार पडला, पण १९ विरुद्ध गेले व ६८ तटस्थ राहिले. अशा वादांत नाकारणाराचें पहिलें हत्यार हेंच कीं, 'तुम्हीं पाहिलें तें सिनेमांत पाहिलें.' नकलेस अस्सल म्हणून पुढें केलें, कीं तिच्या एका चुकीवरून अस्सलहि खोटें ठरविण्यास त्यास वाव मिळतो. आंकड्यांचें असेंच झालें. युद्ध चालू असतां दोन लक्ष मेले असें सर्वत्र म्हणत. सारायेव्हो येथील एका संशोधन केंद्रानें पुढें नांवनिशीवार याद्या केल्या. २००७ सालीं ती संख्या ९७,२०७ निघाली व २०१३ च्या छापील ग्रंथांत ९५,९४०. पानिपतावरील बखरींचे आंकडे पत्रांशीं ताडून पाहिलेल्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. आंकडा निम्म्यावर आला म्हणून दुःख निम्में होत नाहीं. उलट प्रत्येकास नांव मिळालें. परंतु फुगविलेल्या आंकड्यानें नाकारणाराच्या हातीं कोलीत दिलें होतें, हें खरें.

एवढें लिहूनहि राजवाड्यांचा नियम येथें पुरा पडत नाहीं अशी एक जागा उरते. झ्बानिच ह्यांचाच २००६ चा 'ग्रबावित्सा' हा चित्रपट पाहा. बर्लिन येथें त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. युद्धानंतरच्या सारायेव्होंतील एस्मा नांवाच्या स्त्रीची बारा वर्षांची मुलगी शाळेच्या सहलीस जाणार आहे. ज्यांचे वडील युद्धांत 'शेहीद' झाले त्या मुलांस खर्चांत सवलत. त्यासाठीं दाखला पाहिजे. (शब्द आपलाच शहीद.) आई दाखला आणूं म्हणते व आणीत नाहीं, ती पैसे उसने गोळा करते. मुलीस शंका येते. दाखला मिळणार नाहीं, कारण तसा बाप नव्हताच. छावणींतील बलात्कारांतून ती मुलगी झाली आहे. सबंध कथा एका नसलेल्या कागदाभोंवतीं फिरते. बोस्नियांत हजारों स्त्रियांवर असे अत्याचार झाले. हेगच्या न्यायालयानें कांहीं खटल्यांत त्यांच्या साक्षी घेऊन शिक्षा दिल्या. पण ज्यांनीं साक्ष दिली नाहीं, ज्यांनीं मुलांसहि सांगितलें नाहीं, त्यांचें दफ्तर कोठून येणार? त्या अत्याचारांची फीत कोणी जपून ठेवली नाहीं, आणि ठेवली असती तर ती पाहावी असें आम्ही म्हणणार नाहीं. येथें अस्सल चिटोरें नाहीं; बखर तेवढी आहे.

ह्या बखरीची पुढची हकीकत अशी. देशाच्या सर्ब भागांत वितरकांनीं तो चित्रपट दाखविण्याचें नाकारलें. दुसऱ्या भागांत, म्हणजे बोस्नियाक-क्रोआट संघराज्यांत, चित्रपटाबरोबरच सह्यांची मोहीम निघाली, आणि त्याच २००६ सालीं तेथील कायद्यांत दुरुस्ती होऊन युद्धांत बलात्कार सोसलेल्या स्त्रियांस युद्धपीडित नागरिक म्हणून स्वतंत्र मान्यता व दरमहा वेतन मिळण्याची तरतूद झाली. त्यासाठीं अर्ज करावा लागतो, तो तपासला जातो, आणि मग सरकारी दाखला मिळतो.